अजून एकदा बगू

चष्मा कपाळावर ढकलायचा, खुर्ची वीतभर मागे सरकवायची आणि स्क्रीनकडे अशा नजरेनं बघायचं, जणू तिथून कुणी नको असलेला पाहुणा आत येतोय. एवढं झालं की ऑफिसातले आम्ही सगळे समजून जायचो. आता तो म्हणणार, "मॅडम, अजून एकदा बगू."

तुमच्याही ऑफिसात असा एक असेल. नसेल तर देवाचे आभार माना.

आमची कंपनी बोईसरला, एमआयडीसीत. यंत्रांचे सांधे गळू नयेत म्हणून लागणाऱ्या रबराच्या सील आणि गॅस्केट बनवतो. परदेशी ग्राहकांचं काम मी बघते. वेबसाइट होती, पण ती उघडली की एकमेकांत अडकलेली दातेरी चाकं फिरत राहायची आणि खाली बंद पडलेल्या लँडलाइनचा नंबर यायचा. एक जर्मन कंपनी आमचा माल घेण्याच्या विचारात होती. त्यांचा माणूस दिवाळीनंतर कारखाना बघायला येणार होता, आणि त्याआधी सगळा कॅटलॉग साइटवर दिसला पाहिजे असं त्यांनी स्पष्ट कळवलं होतं. नाही दिसला तर ऑर्डर विसरा. शेठनी ते लचांड माझ्या गळ्यात घातलं आणि साइट बनवायला सातपाटीच्या या गृहस्थाला नेमलं.

पहिलं काम फ्रेमवर्क निवडायचं. म्हणजे साइटचा तयार सांगाडा. एकदा त्यावर बांधकाम चढवलं की सहजासहजी बदलता येत नाही. मला वाटलं, एका दुपारचं काम.

त्यानं एक निवडलं. पानं बनवली, देखणी बनवली. मी शेठना हौसेनं बोलावून आणलं, तर स्क्रीन कोरी.

"काडून टाकला. त्याची नवी आवृत्ती येते, जुना सगला मोडनार."

दुसरं घेतलं. ते म्हणे आमच्या एवढ्याशा कॅटलॉगला फार अवजड. तिसरं तर मलाच आवडलं होतं, पान कसं झर्रकन उघडायचं! तेही गेलं. का, तर म्हणाला, "याची जानकार मानसं सगली पुन्या-बेंगलोरला. हितं कोन हाय?"

"तुम्ही आहात ना!"

"मी आज हाय."

शेठ अधूनमधून दारातून डोकावायचे. "अरे भाई, साइट बना रहे हो या पूरा एमआयडीसी?"

शिवाय प्रत्येक वेळी कल्पनाला बोलवायचं. कल्पना आमच्या रिसेप्शनवर बसते, रोज मासवणहून येते. साइट झाल्यावर नवा माल चढवायचं, जुना उतरवायचं काम तिच्याकडे जाणार होतं. तो तिला आपल्या खुर्चीत बसवायचा आणि स्वतः हाताची घडी घालून मागे उभा. ती बिचारी माउस धरून घामाघूम. "मला नाय जमत, सर." झालं! ते फ्रेमवर्क बाद. अहो, तिला शिकवा ना, फ्रेमवर्क कशाला बदलता, असं मी कितीदा सांगितलं असेल. भिंतीशी बोलल्यासारखं.

नवरात्र आलं आणि माझा तोल सुटला. सगळ्यांदेखत म्हणाले, "तुम्हाला निर्णय घ्यायला जमत नसेल तर तसं सांगा. आम्ही दुसरा माणूस बघतो."

त्यानं कपाळावरचा चष्मा खाली घेतला, एवढंच.

दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलाच्या खणात त्यानं ठेवलेला स्टीलचा डबा, आणि डब्यात सुके बोंबील! आमचे शेठ जैन. दिवसभर ते उदबत्त्या लावत फिरत होते आणि मी खणाला गुडघा लावून बसले होते. समेट करायचा तोही असा, की पुन्हा संताप यावा.

रिकामा डबा परत कसा द्यायचा, म्हणून त्यात चकल्या भरून मी रविवारी सातपाटीला गेले. त्याच्या ओट्याला लागून बोटीचं एक गंजलेलं इंजिन पडलं होतं. त्यावर त्याच्या आईनं जाळं पसरलं होतं.

"हे कुणाचं?" मी सहज विचारलं.

"माजा," तो म्हणाला, आणि मग हळूहळू सांगत गेला.

तो कॉलेजात असताना घरच्या बोटीला इंजिन घ्यायचं होतं. शिकलेला मुलगा, म्हणून वडिलांनी निवड त्याच्यावर सोपवली. बंदरात बहुतेक बोटींवर एकच ओळखीचं इंजिन. यानं माहितीपत्रकं वाचून वेगळं, नवं, सगळ्यांत चांगलं निवडलं. होतंही चांगलं. पण पहिल्याच हंगामात ते बिघडलं, आणि डहाणूपासून वसईपर्यंत त्याला हात लावणारा मिस्त्री मिळेना. बोट किनाऱ्यावर पडून राहिली. वडील दुसऱ्याच्या बोटीवर खलाशी म्हणून जायला लागले, रोज आपल्याच बोटीसमोरून चालत.

"बाबा एक सबूद बोलला नाय," तो म्हणाला. "बोलला असता तर बरा जाला असता."

"तेच घेऊन बसलाय अजून," आई म्हणाली आणि त्याच्या हातात चकली कोंबली.

मला भरून आलं. आणि रागही आला. हे आधी सांगितलं असतं तर मी तशी तोडून बोलले असते का? पण असली माणसं सांगतील तर शपथ.

सोमवारी मी त्याच्यासमोर खुर्ची ओढून बसले. "बंदरात सगळ्यांकडे असतं तेच घ्या. कल्पनाला शिकवायचं माझ्याकडे लागलं."

त्यानं पीएचपी या संगणक-भाषेतलं एक जुनं, साधं फ्रेमवर्क घेतलं. फॅशनमधून गेलेलं, पण ते जाणणारी माणसं पालघरला, बोईसरला, अगदी वाणगावलाही सापडतात. "अजून एकदा बगू" मात्र शेवटपर्यंत सुटलं नाही. बटणाचा रंगसुद्धा त्यातून वाचला नाही. कल्पनानं पहिल्यांदा एकटीनं माल चढवला तेव्हा तो बाहेर पाण्याच्या कूलरपाशी पाठ करून उभा होता. गॅस्केटचा फोटो उलटा चढला. तिनं स्वतःच सुलटा केला.

जर्मन पाहुणा आला, त्यानं मोबाइलवर कॅटलॉग उघडला, मान हलवली आणि चहा मागितला. ऑर्डर आली.

पुढे त्याच्या बायकोची बदली रत्नागिरीला झाली आणि तोही गेला. त्याच्या खुर्चीवर आता कुरिअरची पार्सलं असतात. साइट काही अडत नाही. त्याला फोन करावा तर त्यानं निमित्तही शिल्लक ठेवलेलं नाही. गेल्यावरसुद्धा माणसानं चिडवावं म्हणजे काय!

शेवटी एक दिवस मी काही काम नसताना फोन लावला. त्यानं उचलला, पण नमस्कार नाही, चमत्कार नाही.

"मॅडम, बंद पडली?"



"नाही हो. चालू आहे. कल्पनानं आज सकाळीच नवा माल चढवला. एकटीनं. कुणाला काही विचारलंसुद्धा नाही."



"अजून एकदा बगा," तो म्हणाला.

मी बघितली. चालू होती.