आश्रमशाळेच्या स्वयंपाकिणीची बातमी

धुळ्यातल्या केबल चॅनलवर मी बातमीदारी सुरू केली, तेव्हा लोकांच्या लेखी मी 'केबलवाली बाई' होते. दारात उभी राहिले की आधी तक्रार, "ताई, आमचं चित्र सारखं अडकतं, बॉक्स बघून जा." मला भयंकर राग यायचा. पण याच केबलवालीने पुढे भल्याभल्यांची झोप उडवली, आणि त्याचा मला अभिमान आहे. उगाच नम्रतेचं सोंग मला जमत नाही.

पहिल्या भेटीत माईक बाहेर काढायचा नाही, हा माझा नेम. ओट्यावर बसायचं, चहा घ्यायचा, पिकापाण्याचं विचारायचं आणि परत यायचं. शिरपूरच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याशी, एका आश्रमशाळेच्या गावात मी अशी तीनदा गेले. शाळेची स्वयंपाकीण रोजंदारीवर होती. पन्नाशीची बाई, जिभेला मिरचीचं तिखट. तिसऱ्या खेपेला तिने आपणहून सांगितलं, की मुलांना केळी मिळतात ती फक्त साहेब तपासणीला यायच्या दिवशी. एरवी पातळ वरण आणि भाकरी. अख्ख्या देशाला केळी पुरवणारा आमचा खानदेश, आणि आमच्याच पोरांच्या ताटात केळं नाही! माझं डोकं फिरलं.

ती बोलल्याचं कळलं तर तिचं काम जाणार, हे आम्हा दोघींनाही ठाऊक होतं. म्हणून मी तिचा चेहरा धूसर केला, आवाज बदलला. आणि मग एवढं शहाणपण केल्यावर, भाकरी थापणारे तिचे हात मात्र हौसेने जवळून दाखवले. दोन्ही मनगटांवर गोंदण. त्या गावातल्या बायका शेतात, पाण्यावर, लग्नात एकमेकींचे हात बघतच वाढलेल्या. बातमी लागली आणि पंचक्रोशीला कळलं. माझ्या आईच्या हातावरही गोंदण आहे, गर्दीत तिचा हात मी लगेच ओळखेन. तरी मला सुचलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेच्या अधीक्षकाने तिला फाटकातूनच परत पाठवलं.

मी माफी मागायला तिच्या घरी गेले. ती अंगणात तूर पाखडत होती. मी हातांचं बोलायला लागले, तर तिने सूप खाली आपटलं.

"हातनं काय लई बशी शे? मी काय चोर शे का? मन्हं तोंड काब्रं झाकं?"

हातांचं तिला काहीच नव्हतं; चोरासारखं तोंड का झाकलं, हा तिचा सवाल होता. मग तिनेच सांगितलं, की अधीक्षकाचा निरोप आला आहे. चौकशीला मोठे साहेब येणार आहेत. त्यांच्यापुढे 'टीव्हीवाल्या बाईने मला पढवलं' एवढं सांगायचं, की काम परत. मी म्हटलं, "अक्का, सांगून टाका. माझं मी निस्तरेन." मनापासून म्हटलं. तिने सूप उचललं आणि पुन्हा तूर पाखडायला लागली.

चौकशीच्या दिवशी मी आणि कॅमेरामन व्हरांड्यात उभे होतो. साहेबांनी वही उघडली. आदल्या दिवशी सगळ्या मुलांना केळी वाटल्याची नोंद होती. अधीक्षक हात बांधून उभा. साहेबांनी विचारलं, "बाई, तुम्हाला हे बोलायला कोणी शिकवलं?"

"ताईनी इचारं, मी सांगं," ती म्हणाली. पदर सुद्धा सारखा केला नाही. "काल केळं वाटात ना, साहेब? मंग सालटा कथा शेतस?"

सालं कुठे आहेत ते बघायला साहेब उठले. मागचा उकिरडा पाहिला, शाळेशेजारच्या गोठ्यात जाऊन आले. एक साल सापडलं नाही. इतकी वर्षं मी माहितीचे अर्ज टाकले, कागद धुंडाळले, पण असा सरळ प्रश्न मला कधी सुचला नव्हता. आम्ही ते सगळं दाखवलं, या वेळी तिच्या उघड्या चेहऱ्यानिशी. अधीक्षक बदलला आणि तिला कामावर परत घेतलं. त्या बातमीसाठी माझा सत्कार झाला, नारळ मिळाला, शाल मिळाली. मी दोन्ही ऐटीत घेतलं. ऊर भरून आला होता, पण तो माझ्यापेक्षा तिच्यासाठी जास्त.

मग एका दुपारी तिचा फोन आला. मागे पोरांचा कल्ला चालला होता.

"ताई, आज पोऱ्हेस्ले केळं भेटनात." तपासणी नसताना मुलांना केळी मिळाली होती.

"मी येते," मी म्हटलं. "कॅमेरा घेऊन लगेच निघते."

"नको येऊ," ती म्हणाली. "खाऊ दे त्यास्ले."

मी गाडीची किल्ली ठेवून दिली. ती बातमी आम्ही कधीच दाखवली नाही.