अस्वलापुढचं धुकं

...तर पोस्टमन त्या कुत्र्याला घाबरून फाटकाबाहेरच थांबला, इथवर आलो होतो आपण काल. कुत्रं चित्रातलं, खिडकीत टेकवून ठेवलेलं. बिचारा बाहेरून ओरडतोय, "आक्का, कुत्रं बांधा!" आणि आक्का आतून म्हणते, "बांधायचं कशाला? अजून शेपूट व्हायचीय त्याची!"

आक्का आमची शेजारीण. आई-बाप लवकर गेले, धाकट्या भावाला तिनंच वाढवलं. तो आक्का म्हणायचा म्हणून सगळी गल्ली आक्का म्हणायला लागली. मी तिच्या बापाच्या वयाचा, तरी मीसुद्धा. पोट भरायची एअरब्रशवर, म्हणजे हवेच्या दाबानं शाई फवारून पुस्तकांसाठी चित्रं काढायची. पेनाएवढी गन, तिला नळी, आणि टेबलाखाली कॉम्प्रेसर घोरत पडलेला. आमची ही म्हणायची, "तुमच्यापेक्षा तो बरा, त्याला बंद करायला बटण तरी आहे."

तासन् तास बघत बसायचो मी. पाण्यासारखी पातळ, आरपार दिसणारी तपकिरी शाई ती बोर्डावर फवारायची. मग टोक काढलेल्या खोडरबरानं त्यातून एकेक केस खोडून काढायची. खोडलं तिथं उजेड. त्यावर पुन्हा शाई, की ते केस मंद होऊन मागे सरकायचे. पुन्हा वर नवे केस. चढव, खोड, चढव, खोड, आणि बघता बघता अस्वलाच्या पाठीवरून हात फिरवावासा वाटायचा. पांढरी शाई मात्र घरात नाही. "पांढरं बोर्डात असतंच की काका, वरून कशाला ओतायचं?" स्वतःचं नावही ती लिहीत नसे. खालच्या गवतात, पात्यांसारखी दोन अक्षरं खोडून काढायची: आक्का.

धाकटा गोड बोलणारा. चित्रं प्रकाशकाकडे पोचवायची, चार शब्द बोलून यायचं, एवढं त्याचं काम. घरात प्यायलेला कप उचलून ठेवेल तर शपथ. आणि एक दिवस आक्का बाजारातून येते तर गन धुतलेली, तिच्यातली सुई पुसलेली, शाईची वाटी लख्ख करून फडक्यावर पालथी! बाईला आभाळ ठेंगणं झालं. भिंतीवरून मला हाक मारून सांगितलं, "काका, सुधारला हो आमचा!" मी म्हटलं, "बघ बाई, आज सूर्य कुठून उगवलाय ते." गल्लीत एक घर सोडलं नाही तिनं सांगायचं.

पुढे रानातल्या प्राण्यांचं ते मोठं पुस्तक निघालं, आणि त्याची प्रत घरी यायच्या आधीच प्रकाशकानं मूळ चित्रं एका हॉलमध्ये मांडली. धाकटा म्हणाला, "कशाला दगदग करतेस? गर्दी असते." तिनं नव्या चपला घातल्या, मला बरोबर घेतलं आणि निघाली.

प्रत्येक चित्राखाली कार्ड, कार्डावर चित्रकाराचं नाव. धाकट्याचं! तो मधोमध उभा, लोक हात मिळवतायत. आक्का म्हणाली, "कार्ड छापताना चुकले वाटतं." आणि सरळ अस्वलापाशी जाऊन वाकली. गवतावर धुकं पसरलेलं.

"काका, मी धुकं काढलं नव्हतं."

गडद रंगावर पांढरी शाई मारली की निळसर, मेलेली दिसते, हे तिनंच मला कधीतरी दुसऱ्या कुणाच्या चित्रात दाखवलेलं. तसंच होतं ते. हरणाच्या पायाशी धुकं, लांडग्याच्या पायाशी धुकं. तिनं माझं मनगट धरलं. "म्हणून गन धुतली होती त्यानं." वाटीत पांढरं राहिलं असतं ना!

पर्समधून खोडरबर काढून तिनं धाकट्यापुढे धरला. "पूस."

"आक्का, लोक बघतायत. घरी बोलू."

"घरीच तर केलंस."

तो हलला नाही. मग तीच वळली. प्रकाशक धावला, "अहो बाई, मूळ चित्र आहे ते!" ही खोडतेच आहे. खालची शाई जुनी, घट्ट बसलेली. वरचं पांढरं भुकटी होऊन पडत होतं. आधी गवत आलं, मग आ, मग क्का. प्रकाशकानं चष्मा वर केला, एकदा धाकट्याकडे बघितलं आणि गुपचूप सगळी कार्डं काढून घेतली. पुस्तकाच्या पुढच्या छपाईत आक्काचंच नाव आलं.

धाकटा दुसरीकडे राहायला गेला. काही महिन्यांनी माझ्याकडे येऊन रडला, "काका, तुम्ही तिला सांगा." माझं मन लोण्याचं. गेलो. ती एका मांजरीच्या मिशा खोडत बसली होती. म्हटलं, "आक्का, नाव मिळालं ना परत? लहान आहे तो. येऊ दे घरी."

तिनं कॉम्प्रेसर बंद केला. मांजरीवरची भुकटी फुंकली. आणि म्हणाली,

"नाव झाकलं ते मी कधीच सोडून दिलंय, काका. पण धुतलेली गन बघून मी त्याला जवळ घेतलं होतं, आणि त्यानं घेऊ दिलं."