मामांनी मागं घेतलेला शब्द

मामा गेल्याची बातमी मला नातेवाइकांकडून कळली नाही. ती आमच्या मोबाइल गेमच्या ग्रुपवर आली. 'आजचा सराव रद्द, मामा वारले,' असं संतोषनं लिहिलं होतं आणि खाली चौघांनी 'ओके' टाकलं होतं. मी दुकानात ब्लाऊजची बाही कापत होते. असा संताप आला, की कातर घेऊन तशीच संतोषच्या मोबाइलच्या दुकानावर जावं. तेवढ्यात मामेभावाचा फोन आला. तो नुसता रडत होता, आणि मग राग कुणावर काढायचा तेच कळेना... त्याला आता महिना होऊन गेला. जन्मभर शेळ्यांचे दात बघितलेल्या माणसाची खबर गेमवाल्यांना आधी कशी, असं पाहुणे अजून विचारतात.

शंकरमामा माझ्या आईचे धाकटे भाऊ. ताडकळसच्या आठवडी बाजारात शेळ्यामेंढ्यांची दलाली करायचे. हातात हात, वरून पंचा, आणि पंच्याखाली बोटांनी भाव. बोट दाबून हात सोडला, की सौदा पक्का. मग घेणाऱ्याची बायको येऊन कितीही भांडली तरी शब्द मागं जात नसे. शेळीचं तोंड उघडून ते वय सांगायचे, आणि ही सवय माणसांतही सुटली नव्हती. माझं लग्न ठरताना पंगतीत सगळा वेळ नवऱ्या मुलाच्या तोंडाकडं बघत बसले आणि आईला येऊन म्हणाले, "पोरगं चांगलं हाय, पर वय दोन वर्सं लपवायलेत." खरं निघालं. माझे मालक आजही मामांचं नाव निघालं की तोंड मिटून घेतात.

आमच्या जत्रेत चार-पाच वर्षांपासून मोबाइलवरच्या गोळीबाराच्या खेळाची स्पर्धा होते. पाच-पाच जणांचे संघ. एक नेमबाज, एक ढाल धरून पुढं जाणारा, एक जखमींना पट्ट्या बांधणारा, बाकीचे धावाधाव करणारे. दरवर्षी संतोषचा संघ जिंकायचा, तोही चार-चार मिनिटांत. पालमचे लोक दोन बस बदलून येत, चार मिनिटांत हरत आणि परतीच्या बससाठी दोन तास बसत. मग पालमचे यायचे बंद झाले, चारठाण्याचेही. संतोष स्वतःच्याच गल्लीतल्यांना हरवून बक्षीस घरी नेऊ लागला. शेवटी कमिटीचे लोक मामांकडं गेले. मिसळलेला कळप वेगळा करून द्यायचा तर मामांकडं जायचं, एवढंच त्यांना माहीत.

मामांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "दांडगं अन् लेकुरवाळं एका गव्हाणीला बांधलं तर लेकुरवाळं उपाशीच ऱ्हातंय." त्यांनी गावांचे संघ मोडले. प्रत्येकाला गट, आणि गटातून चिठ्ठ्या टाकून संघ. गटांची नावं बाजारातलीच. दुधाचे दात असलेले ते आदत, दोन दात आलेले ते दोनदाती, आणि सगळे दात आलेले ते जुळलेले. आता कोण कुठल्या गटात, हे ठरवायचं कसं? मामांनी पंचा काढला. खेळाडूनं हात पुढं करायचा, मामा पंच्याखाली अंगठा चाचपणार. जास्त खेळलेला अंगठा निबर असतो, असं त्यांचं शास्त्र.

पहिल्याच वर्षी संतोष बायकोच्या मागोमाग आदत गटात घुसायला आला. तीन दिवस अंगठ्याला खोबरेल चोळत होता म्हणे. मामांनी हात धरला, नाकापाशी नेला आणि म्हणाले, "शिंगाला तेल लावलं म्हणून बैल तरणा होत न्हाई." सगळे हसले. पण आदत गटात खरोखरच एक माणूस कमी पडत होता, म्हणून मामांनी त्याला एका अटीवर घेतलं. वरच्या गटातल्यानं खाली यायचं तर बंदूक धरायची नाही, फक्त पट्ट्या बांधायच्या. आमच्या भागातला सगळ्यात मोठा नेमबाज ती सगळी दुपार चार बायकांमागं पट्ट्या घेऊन पळत होता. त्यातली एक त्याची स्वतःची बायको होती आणि ती मुद्दाम गोळ्या खात होती, असं माझं मत आहे.

मग माझी पाळी आली. मामांनी अंगठा दाबला आणि जाहीर केलं, "जुळलेली." मी म्हटलं, मामा, मला खेळायला लागून चार महिने झालेत, बंदुकीत गोळ्या कशा भरायच्या ते मी अजून शेजारणीला विचारते. ते म्हणाले, "अंगठा खोटं बोलत न्हाई." बोलत नव्हताच. वीस वर्षं कातर चालवून घट्टा पडलाय त्याला. मी संतोषच्या तोडीच्या लोकांत गेले आणि अकरा सामने खेळून अकराही हरले. मला काही जग जिंकायचं नव्हतं. आयुष्यात एक सामना जिंकावा, दुकानात येणाऱ्या बायकांना हसत सांगावा, एवढंच होतं. मी भांडले, अबोला धरला, राखीला आईकडं मामा येणार म्हणून मी गेले नाही. मामांचं एकच. "बाजारात शब्द फिरवला तर उद्या माज्या पंच्याखाली हात कोण घालंल?" तो नुसता हट्ट नव्हता, हे मला तेव्हाही कळत होतं. त्या शब्दावर त्यांचं घर चालत होतं. पण माझे अकरा सामने त्याच शब्दाखाली चिरडले होते, त्याचं काय?

दिवाळीनंतर एकदा ते न सांगता दुकानात आले, स्टुलावर बसले आणि म्हणाले, "खेळ बरं. बघतो." मी खेळले. दुसऱ्याच मिनिटाला माझा हातबॉम्ब भिंतीला लागून मागं आला आणि माझ्याच संघाचे तिघं गेले. मामांनी टेबलावरची माझी कातर उचलली, तिच्या कडीत अंगठा घातला, रिकामीच पाच-सहा वेळा चालवली. मग स्वतःचा अंगठा चाचपून बघितला, आणि चहा न घेता निघून गेले.

पुढच्या जत्रेत त्यांनी माइक मागून घेतला. समोर अर्धा बाजार बसलेला, सगळे दलाल. "गेल्या साली भाचीला जुळलेल्यांत टाकली," ते म्हणाले. "कातरीचा घट्टा मी खेळाचा समजलो. चूक माजी हाय. शब्द मागं घ्यायलोय." एक दलाल मागून ओरडला, "मामा, मंग शेळ्यांचे सौदे बी मागं घ्यायचे का?" मामा म्हणाले, "ज्याला चुकीचं वय सांगितलं आसंल त्यानं शेळी घेऊन यावं." पुढच्या बाजारी एक जण नऊ वर्षांपूर्वी घेतलेली शेळी खरंच घेऊन आला. मामांनी तिचं तोंड उघडून नीट बघितलं आणि म्हणाले, "सांगितलं तवा बरुबर होतं. आता म्हातारी झाली, त्याला मी काय करू?" पंच्याखाली हात घालणारे कमी झाले नाहीत. उलट वाढले, असं मामी सांगते.

त्या दिवसापासून अंगठा रद्द झाला. प्रत्येकानं आधी तीन सामने परगावच्या माणसासमोर खेळून दाखवायचे, मग गट. आणि खालच्या गटात दोन सामने जिंकले, की पुढच्या वर्षी वरचा गट. मामा सांगत होते, मी लिहून घेत होते. त्या वर्षी मी आदत गटात दोन सामने जिंकले. दुसऱ्यानंतर मामांनी माझा हात धरला आणि हळूच म्हणाले, "पुढल्या साली दोनदाती." मी म्हटलं, राहू द्या की मामा, एक वर्ष तरी. ते नुसते हसले.

गेल्या आठवड्यात यंदाची स्पर्धा झाली. गटांच्या याद्या करायचं काम माझ्याकडं आलं. कोण किती सामने जिंकलं हे सगळं मामांच्या डोक्यात असायचं, कागदावर नुसते नियम होते. एकेकाला विचारून लिहीत गेले. माझं नाव आलं तेव्हा कमिटीतलं कुणीतरी म्हणालं, "तुमी आदतच ना ताई?" कुणालाच आठवत नव्हतं. यंदा आदत गटात मी बक्षीस घेतलं असतं, इतकी आता खेळते. पेन बराच वेळ तसंच धरून बसले... मग दोनदातीत नाव लिहिलं.

पहिलाच सामना सात मिनिटांत हरले. फोन खाली ठेवला आणि रडायला आलं. मामा नव्हते, म्हणून. पलीकडं जिंकणाऱ्यांचा गोंधळ चालला होता. तेवढ्यात त्यांना ओलांडून संतोष चहाची किटली घेऊन आला आणि पहिला कप माझ्यापुढं धरला.

"घ्या ताई," तो म्हणाला. "हरलेल्याला आधी. मामा असंच करायचे."

खरंच करायचे. सगळे नियम मी लिहून घेतले होते, हा तेवढा राहिला होता.