बिनआवाजाची गाडी

"आवाज न्हाई आला पायजे," असं म्हणत अप्पा गाडीचं दार दोन बोटांनी लावायचे. दार नीट लागायचंच नाही. मग उघडून पुन्हा तितक्याच हळू लावायचे.

आष्टीतल्या आमच्या गल्लीत तुम्ही असता तर हसला असता. आम्हीही हसायचो. माझं औषधांचं दुकान अप्पांच्या दारासमोर आणि कोपऱ्यावर त्यांची पिठाची गिरणी. पस्तीस वर्षं त्या खडखडाटात उभ्या राहिलेल्या माणसाने आयुष्यातली पहिली गाडी घेताना ती आवाज करते का, एवढंच पाहिलं.

लोक म्हणाले, डिझेलची घ्या. "डिझेल म्हंजे दुसरी गिरणीच की." मग विजेवरची घ्या. "आन् लाईट गेल्यावर ढकलू का?" शेवटी नगरच्या एका शोरूममध्ये पेट्रोल आणि बॅटरी दोन्हींवर चालणारी हायब्रिड पाहिली. ही गाडी सुरुवातीला नुसत्या बॅटरीवर सरकते. सेल्समनने बटण दाबलं, अप्पांनी बॉनेटला कान लावला आणि विचारलं, "चालू कावून व्हईना?" ती चालूच होती. तिथंच सौदा ठरला.

मागच्या सीटच्या कडेला बॅटरीला हवा जाणारी एक जाळी असते. ती धुळीने बुजली तर बॅटरी तापते, असं त्यांना सांगितलं होतं. अप्पांच्या तर भुवयांवरही पीठ. म्हणून ते आंघोळ करून, धुतलेले कपडे घालूनच गाडीत बसायचे आणि दर रविवारी दाढीच्या ब्रशने ती जाळी साफ करायचे.

गिरणीने त्यांचे कान खाल्ले होते. बारीक आवाज तर पोचायचेच नाहीत. आम्हाला ते ठाऊक होतं, पण त्यांना सांगायचं कुणी?

पौषातली सकाळ होती. शेजारची मावशी गाडीच्या मागे उन्हाला बसून तूर निवडत होती. तिची दोन्ही मुलं बायकांसह ऊसतोडीला गेलेली, घरी ती एकटीच. अप्पा गाडीत बसले. मी काउंटरवरून दोघांनाही पाहत होतो. गाडी सुरू झाली की म्हातारी उठेल, असं मला वाटलं. तुम्हालाही तेच वाटलं असतं.

गाडी सुरू झालेली कुणाला कळलंच नाही. ती मागे सरकली. मागे काही आलं की वाजणारी शिटी गाडीत वाजू लागली. काच खाली होती. मला दुकानात ऐकू आली. अप्पांना नाही. मी ओरडलो तोवर उशीर झाला होता.

मावशीचं खुब्याचं हाड मोडलं. अप्पांनी तिला त्याच गाडीत, मागच्या सीटवर निजवून नगरला नेलं. मी सोबत होतो. वाटेत ती कण्हत म्हणाली, "अप्पा, गाडी गुणाची हाय. हादरा बसत न्हाई." अप्पांना ते ऐकू गेलं नाही. मी मोठ्याने सांगितलंही नाही.

महिन्याभरात ती गेली. मुलं आली, दहावा उरकून पुन्हा उसाच्या फडावर निघाली. जाताना थोरला अप्पांच्या पाया पडला. "तुमी लई केलं तिचं."

"शिवी दे रं मला," अप्पा म्हणाले. "एक तरी दे."

तो मान खाली घालून गेला.

त्या संध्याकाळी अप्पा दुकानात आले. "शिटी वाजली व्हती म्हंत्यात. तुमाला ऐकू आलती?"

"नाही."

"जोरात सांगा."

"नाही आली!" मी ओरडून सांगितलं. रस्त्यावरचे दोघे-तिघे थांबून माझ्याकडे बघायला लागले.

अप्पांनी गिरणी बंद केली आणि ते लातूरला मुलीकडे गेले. गाडी दारातच उभी राहिली. उभ्या उभ्या बॅटरी उतरली. उन्हाळ्यात जावई नगरहून मेकॅनिक घेऊन गाडी न्यायला आला.

"अप्पा कसे आहेत?" मी विचारलं.

"घराबाहेर पडत न्हाईत," तो म्हणाला आणि गाडीत बसला.

गाडी चालू झाली की नाही, ते कळेना. ओट्यांवरच्या बायकांनी आपापली लेकरं उचलून घरात नेली.