वाचून दाखवले, समजले

सिनेमा काढणाऱ्या पोरांनी तिचं नाव सहीमावशी पाडलं होतं. वकिलाच्या कचेरीत बावीस वर्षं टायपिंग करून कागदांची भाषा तिच्या अंगवळणी पडली होती. वकील वारले, कचेरीला कुलूप लागलं, आणि त्याच सुमारास शेजारची एक मुलगी स्वतःचाच कॅमेरा घेऊन माहितीपट काढायला निघाली. तिला मावशीने एक परवानगीपत्र लिहून दिलं. एकीने दुसऱ्याला सांगितलं, दुसऱ्याने तिसऱ्याला. मोठ्या कंपन्यांकडे वकिलांची फौज असते. या पोरांकडे एक कॅमेरा, उसना माईक आणि सहीमावशी.

काम ऐकायला सोपं. ज्याचा चेहरा दिसणार त्याची सही, ज्याच्या दुकानात उभं राहायचं त्याची सही, भिंतीवर चित्र असेल तर ते काढणाऱ्याची सही. मागे रेडिओवर गाणं वाजत असेल तर आधी रेडिओ बंद करायला लावायचा, कारण त्या गाण्याचा धनी शोधता शोधता सिनेमाच म्हातारा व्हायचा. एका न्हाव्याने तिला विचारलं होतं, "आरशातला मी वेगळा धरायचा का? म्हणजे दोन सह्या करतो." मावशी हसली, आणि मग त्यालाही खुर्चीत बसवून तिने अख्खा कागद वाचून दाखवला.

ती तिची रीतच होती. कागद मोठ्याने वाचायचा, मग पालथा घालायचा आणि समोरच्याला म्हणायचं, आता तुम्ही सांगा, कशावर सही करताय. धड सांगता आलं नाही तर पुन्हा पहिल्यापासून. दिग्दर्शक मंडळी कासावीस व्हायची, मावशी, ऊन चाललं म्हणायची. ऊन उद्या येईल, असं तिचं ठरलेलं उत्तर. एवढं झाल्यावरच तळाला 'वाचून दाखवले, समजले' असं लिहून ती खाली स्वतःची सही करायची. सिनेमा दाखवण्याआधी कागद तपासणारे त्या ओळीपाशी आले की पुढे काही विचारत नसत.

ती ओळ तिने एकदाच खोटी लिहिली, आणि तीही सख्ख्या बहिणीच्या कागदावर.

ताई तिच्याहून चार वर्षांनी मोठी. एका इस्पितळाच्या धुलाईघरात तिने तीस वर्षं चादरी धुतल्या आणि घड्या केल्या. धुलाईघर बंद होऊन काम बाहेर जाणार होतं, म्हणून शेजारच्या त्याच मुलीने त्यावर माहितीपट काढायला घेतला. सतरा बायकांच्या सह्या घ्यायच्या होत्या. वाफेने कागद लिबलिबीत होत होते आणि मुकादम घड्याळाकडे बघत होता. सोळा जणींना मावशीने वाचून दाखवलं. सतरावी ताई. तिने ओले हात पदराला पुसले आणि पेन मागितलं. "तू आणलायस ना कागद? मग वाचायचं काय त्यात," म्हणाली आणि सही करून मोकळी झाली. मावशीलाही त्याचं कौतुकच वाटलं. तिने खाली ओळ लिहिली.

दहा महिन्यांनी मावशी त्या मुलीच्या खोलीत कॉम्प्युटरवर माहितीपट बघत होती. पडद्यावर ताई आणि दुसरी एक बाई लांबून दिसत होत्या, दोघी मिळून चादरीचे कोपरे जुळवत होत्या. कॅमेरा दाराबाहेर होता, पण माईक ताईच्या पदरालाच राहिला होता. ताई म्हणत होती, "जगाच्या झोपायच्या चादरी धुते मी. आठ वर्षं झाली, रात्रीत तीनदा उठून त्यांना कूस बदलून देते. कधी कधी वाटतं, हे गेले तर एक रात्र सलग झोपेन. रडायचं ते नंतर रडेन. आधी झोपेन."

हे म्हणजे भावोजी. अर्धं अंग लुळं पडल्यापासून अंथरुणाला खिळलेले.

कागदात चौथं कलम होतं, ते मावशीनेच लिहिलं होतं. माईक अंगावर आहे तोवर बोललेलं सगळं नोंदलं जाईल, कॅमेरा समोर असो वा नसो. इतर सोळा जणी आपापल्या पाळीच्या दिवशी डबा खाताना पदरावरचं ते बोराएवढं यंत्र काढून बाजूला ठेवत होत्या. ताईला ते माहीतच नव्हतं.

मावशी तडक ताईकडे गेली आणि जे होतं ते सांगितलं. ताई म्हणाली, "परक्या बायांना वाचून दाखवलंस." एवढंच.

ते वाक्य काढ, असं मावशीने त्या मुलीला सांगितलं. मुलगी वाईट नव्हती. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, पण ती हटेना. सगळा माहितीपट त्या वाक्यावर उभा आहे, कागद पक्का आहे, तुम्हीच पक्का केलाय. भावोजी कुठे दिसत नाहीत, त्यांचं नाव येत नाही, म्हणजे त्यांच्या सहीचाही प्रश्न नाही. यातलं एक अक्षर खोटं नव्हतं. हे सगळं मावशीनेच तिला कधीतरी शिकवलं होतं.

चार दिवस मावशीने तळमळत काढले. पाचव्या दिवशी तिने स्वच्छ अक्षरात लिहून दिलं, की सतराव्या कागदावरची माझी ओळ खोटी आहे, तो कागद वाचून दाखवलेला नाही. मुलीने वाचलं आणि हळूच विचारलं, "मावशी, मग तुमच्या बाकीच्या कागदांवर कोण विश्वास ठेवणार?" मावशीने त्याचा विचार केलेला होता. वाक्य निघालं. त्यानंतर तिच्याकडे कागद करायला कुणी आलं नाही.

पण त्याआधीच माहितीपटाची अर्ध्या मिनिटाची झलक फोनवरून गावभर फिरली होती, आणि झलकेत नेमकं तेच होतं. शेजारणीने ती मोठ्या कौतुकाने भावोजींना दाखवली होती. तुमची मंडळी सिनेमात आली, म्हणून.

हे कळलं त्या दुपारी मावशी ताईच्या घरी गेली. ताईने दार उघडलं, स्वयंपाकघरात चहाचं आधण ठेवलं आणि बाहेरच्या खोलीकडे पाठ करून सांगितलं की त्या दिवसापासून ते रात्री हाकच मारत नाहीत. विचारलं तर म्हणतात, मस्त झोप लागली. "मी जागीच असते गं. हाक येईल म्हणून. मी उठून गेले तर डोळे मिटून घेतात, घोरल्याचं सोंग करतात."

मावशी चहा घेऊन बाहेरच्या खोलीत गेली. भावोजी खिडकीकडे तोंड करून पडले होते. थट्टेखोर माणूस, आजारानेही जीभ तेवढी सोडली होती. "या, वकिलीणबाई. सगळ्यांच्या सह्या घेतल्यात, आमची तेवढी राहिली."

तिने माफी मागितली, वाक्य काढून टाकल्याचं सांगितलं.

"काढलंत कशाला? तीस वर्षांत तिनं स्वतःसाठी मागितलेलं तेवढंच एक होतं."

"भावोजी, रात्री तिला हाक मारत जा. ती तशीही झोपत नाही."

ते खिडकीबाहेर बघत राहिले. "आता कशी मारू? ऐकून घेतलंय ना मी."

रिकामा कप घेऊन मावशी आत गेली तर ताई स्टुलावर बसल्या बसल्या ओट्यावर डोकं टेकून झोपली होती. तोंड किंचित उघडं, हातात चहाची गाळणी तशीच. मावशीने उरलेल्या चहाखालचा गॅस बंद केला, गाळणी अलगद काढून घेतली आणि चपला हातात घेऊन चालावं तशी बाहेर आली.

भावोजींनी खुणेनंच विचारलं. तिने खुणेनंच सांगितलं. त्यांनी चांगला हात वर करून तोंडावर बोट ठेवलं, आणि मग तेच बोट आपल्या पाठीकडे वळवलं.

मावशीने त्यांना खांद्याला आणि कमरेला धरून कुशीवर केलं. सदरा पाठीला चिकटला होता. तो सोडवताना तिला दिसलं, कमरेच्या वर तळहाताएवढी कातडी सोलली होती आणि मध्ये ओल होती. भावोजींनी उशीचं टोक दातांत धरलं. आवाज मात्र होऊ दिला नाही.