मारुती एक पूर्णांक दोन सेंटिमीटरनं वाढला

आमच्या गल्लीतला मारुती वाढतो, ही बातमी जगाला मी दिली. हातात स्टीलचा टेप होता, अंगात इस्त्रीचा शर्ट होता आणि हेतू नेमका उलटा होता!

नांदेडला आमच्या शेजारी कदम राहतात. ‘मूर्ती दरवर्षी वाढते’ असा व्हिडिओ त्यांनी टाकला आणि गल्लीचे दोन तट पडले. एक म्हणे चमत्कार, दुसरा म्हणे थापा. समोरासमोर कोणी बोलेना. सगळे आपापल्या ओट्यावर बसून फोनमध्ये भांडत होते. मला चैन पडेना, कारण आकडा कोणाकडेच नव्हता. माझ्याकडे होता! (गेल्या वर्षी मूर्तीपुढे जाळीचं दार बसवताना मी उंची मोजून वहीत लिहिली होती. मी घरातल्या बादल्याही मोजून ठेवल्यात. बायको याला आजार म्हणते.)

“कदम, कॅमेरा लावा. मोजू आणि विषय संपवू!”

मोजलं. गेल्या वर्षी अठ्ठ्याऐंशी सेंटिमीटर. आता एकोणनव्वद पूर्णांक दोन. पुन्हा मोजलं, तेवढंच. आता खोटं कसं बोलायचं?

“मूर्ती एक पूर्णांक दोन सेंटिमीटरनं वाढलेली आहे,” मी कॅमेऱ्यात बघून ठणकावून सांगितलं. मग पुढची नऊ मिनिटं समजावलं की दर शनिवारी तेलात कालवलेला शेंदूर चढतो, थरावर थर बसतो, आतला दगड तेवढाच राहतो.

कदमांनी ती नऊ मिनिटं कापली.

उरले अकरा सेकंद. दुपारपर्यंत तिघं जण नारळ घेऊन माझ्या दारात! दुसऱ्या तटाचे फोन वेगळेच : “काका, शिकलेले दिसता. लाज वाटती का?” मी दोघांनाही शेंदूर समजावला. नारळवाले पाया पडले, फोनवाल्यांनी फोन आपटला. मी कदमांकडे धावलो.

“अहो, माझा शेंदूर कुठाय?”

“साहेब, शेंदूर कोण बघायलंय? लोक दुसऱ्याच मिनिटाला पळून जायलेत!”

तेवढ्यात रेणापूरहून धाकट्या भावाचा फोन. “दादा, घोटाळा झालाय. माय मोतीबिंदूचं ऑपरेशन करायचं न्हाई म्हणायली.”

लातूरच्या दवाखान्यात परवाची वेळ ठरली होती. आता थांबलात तर दिसणंच जाईल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. मिळेल ती एसटी धरली. मागच्या सीटवर कोणाच्या तरी फोनमधून माझाच आवाज ठणकत होता!

“माय, ऑपरेशन कामून नको?”

“दगडाचा देव वाढायलाय, त्याला माझा डोळा जड हाय व्हय? पाच शनवार तेल घालते. तूच सांगितलास की!”

“तो शेंदूर हाय, माय. दगड न्हाई वाढला.”

“गप. फोनात कसा ठासून बोललास! घरी आलास की लागलास चाचरायला.”

पन्नास वर्षांत मायनं माझं एकही म्हणणं मानलं नव्हतं. मानलं ते नेमकं हे! मी वही काढली, टेप काढला, तासभर घसा कोरडा केला. अंगणात येरझाऱ्या घालून चप्पल झिजवली. शेवटी धाकटी भावजय म्हणाली, “दादा, तोंडी कशाला सांगायलात? व्हिडिओ करा की.”

गोठ्यामागं उभा राहिलो. कापायला जागाच ठेवली नाही : “मारुतीला तेल घाला. डोळा डॉक्टरला दाखवा. परवाच!”

भावजयीनं फोन मायच्या कानाशी धरला. मायनं दोनदा ऐकलं.

“ऐक, दत्ता, ऐक! असं बोलावं माणसानं,” असं मलाच सुनावून ती पिशवी भरायला उठली.

ऑपरेशन उत्तम झालं. पट्टी निघाल्यावर मायनं आधी फोन मागितला. माझे दोन्ही व्हिडिओ पहिल्यांदाच डोळ्यांनी पाहिले. मग मला न्याहाळलं. पुन्हा फोन, पुन्हा मी.

“हे तू व्हय रे?”

“हाव, माय.”

“नुसता आवाज ऐकला मनून इश्वास बसला बग. तोंड दिसलं असतं तर न्हाई बसला असता!”