मामी, मणी आणि खेळायची शिकवणी

ज्याला शिकवता येत नाही असा जीव देवाने अजून जन्माला घातलेला नाही, अशी आमच्या वेस्ट मांबलमच्या घरमालकीणबाईंची ठाम समजूत होती. सगळी गल्ली त्यांना मामी म्हणे. शाळेतली नोकरी संपून बरीच वर्षं झाली होती, पण शिकवणं काही संपलं नव्हतं. भाजीवाल्याला त्या जुडी कशी बांधावी ते शिकवत, रिक्षावाल्याला वळण कसं घ्यावं ते, आणि बँकेच्या बदलीवर साताऱ्याहून या तमिळ शहरात आलेल्या मला तर चक्क मराठी. त्यांचे पूर्वज तंजावरचे, तिकडची जुनी मराठी त्या तमिळ हेलात बोलत. "मी सांगितलं काय म्हणतोस? मी सांगितलों म्हणावं. तुमच्या साताऱ्याकडे भाषा बिघडली रे," असं त्यांनी मला पहिल्याच भेटीत ऐकवलं. मी वाद घातला आणि हरलो. मामींपुढे सगळेच हरत.

एका रविवारी शहराबाहेर ओरगडमच्या कारखान्यात नोकरीला असलेल्या भाच्याने त्यांच्या दारात मणीला आणून सोडलं. मणी म्हणजे तिथल्या एका गोदामाबाहेर सगळा जन्म साखळीला बांधून राहिलेला राखणीचा कुत्रा. गोदाम दुसरीकडे हललं, कुत्रा मागे राहिला. स्वभावाने गरीब, पण चेहरा असा की दूधवाल्यानेही आपण होऊन पिशवी उघडून दाखवावी. दिवसभर तो दाराकडे तोंड करून बसे. मामी चिंतेत पडल्या. "जेवतो, निजतो, पण संतोष म्हणून काही नाही रे त्याला." जनावरांच्या डॉक्टरांनी सांगितलं, याला खेळायला लावा.

मामींनी चेंडू आणला. मणीने तो हुंगला, अलगद तोंडात धरून कोपऱ्यात नेऊन ठेवला आणि त्याच्यापुढे पहाऱ्याला बसला. चीं चीं वाजणारं रबरी बदक आणलं, तेही कोपऱ्यात जमा झालं. गाठी मारलेली दोरी आणली, तीही तिथेच. "माल उतरवून घेतोय तो," मी म्हणालो. मामी हसल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी डबा परत करायला गेलो, तर मामी पदर खोचून हॉलभर रांगत होत्या आणि एका हाताने बदक दाबत होत्या. मणी शाळा तपासायला आलेल्या साहेबासारखा गंभीरपणे पाहत होता. "बघत काय राहिलास? पहिलं आपण खेळून दाखवावं म्हणून डॉक्टर सांगितला. तू पण बस." मी बसलो. आम्ही दोन प्रौढ माणसं एकमेकांकडे चेंडू घरंगळवत बसलो. माझा हात कसा वळायला हवा, तेही मामींनी शिकवलं. थोड्या वेळाने मणी उठला, चेंडू ताब्यात घेतला आणि कोपऱ्यात जाऊन बसला.

त्याच आठवड्यात भाच्याचा फोन आला. कुणाच्या तरी शेताला राखणीचा कुत्रा हवा होता. "पुन्हा साखळीलाच?" एवढंच विचारून मामींनी फोन ठेवला. त्या दिवशी त्यांनी कुणालाच काही शिकवलं नाही.

आणि मग गच्चीवर वाळत घातलेला टॉवेल वाऱ्याने फरशीवर पडला. मणी लगेच त्याच्यावर राखणीला बसला. मामी टॉवेल मागू लागल्या, तो देईना. त्यांनी एक टोक धरून ओढलं, त्याने दुसरं. मामी चिडून आणखी जोरात ओढू लागल्या. मी दोरीवरचे कपडे काढता काढता बघत होतो. मणीचं शेपूट आधी नुसतं थरथरलं आणि मग हलू लागलं. मामींचंही तिकडे लक्ष गेलं. कुणापुढेही माघार न घेणाऱ्या त्या बाईने हातातलं टोक सोडून दिलं.

मणी गोंधळला. टॉवेल तोंडात घेऊन त्याने एकदा गच्चीच्या कोपऱ्याकडे पाहिलं, एकदा मामींकडे. मग हळूहळू परत आला आणि सुटलेलं टोक त्यांच्या हाताशी नेऊन उभा राहिला. "वा कण्णा, वा," ये बाळा, ये, असं तमिळमधून म्हणत मामी गच्चीच्या तापलेल्या फरशीवर बसल्या, आणि हसत हसतच त्यांनी डोळे पुसले.

आता माझी बदली नागपूरला झाली आहे. मामींना फोन केला की पूर्वी अर्धा अर्धा तास माझी मराठी दुरुस्त होत असे. परवा केला, तर त्यांना धाप लागलेली होती. "मागाहून कर रे, मणी थांबलाय," म्हणाल्या. फोन बंद व्हायच्या आधी पलीकडून बदकाची चीं चीं ऐकू आली, आणि मी उगाच थोडा वेळ फोन कानाशी धरून बसलो.